घरजावयांची पाठवणी

"ताई, या जावयाले कोनी काही विचारते काय?" असं म्हणत भाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि नाक टेकेल इतके पडद्याजवळ जायचे.

जावई म्हणजे इंडेक्स. नांदुऱ्याच्या आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या प्रत्येक गाडीची नोंद संगणकात होते. ती चटकन सापडावी म्हणून लावलेली सूची म्हणजे इंडेक्स. दर वर्षी येणारा नवा माणूस एखादी लावून गेला, काढली कुणीच नाही. नवी नोंद आली की या सगळ्या सूच्यांमध्ये लिहिली जायची. वजनकाट्यावर पावती निघेना, ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यावर. शेठजींनी बजावलं, "यंदाही असंच झालं तं पावतीबुकं आनतो. कॉम्प्युटरची खोली बंद!" त्या खोलीत माझी नोकरी होती.

म्हणून हंगामाआधी संगणकातल्या नोंदी लावून द्यायला संग्रामपूरहून हे भाऊ आले.

"एक सूची गावाची. दुसरी गाव अन् नावाची. दुसरीत गाव लागलेलंच हाये, मंग पहिली काऊन पोसता? घरजावई हाये तो. काम नाही, पन दर नोंदीले ताट वाढा!"

मी किराण्याच्याही दोन याद्या करणारी बाई. म्हटलं, "एकदम हाकलू नका हो."

उघड दुबार होते ते त्यांनी काढले. शंकेचे नुसते लपवले. "हाकलत नाही. गावाले पाठवून पाहू. कोनाले आठवन आली तं बोलावू."

"तुम्हाला जावई आहेत का हो?"

"दोन हायेत. त्यायले सांगू नका."

हंगामाच्या पहिल्या सकाळी पावत्या भराभर निघाल्या. मग कापूस उतरवून रिकामे ट्रॅक्टर काट्यावर परतले आणि सगळं ठप्प! रिकाम्या गाडीचं वजन वजा करायला नंबर टाकून तिची भरल्या वजनाची नोंद शोधावी लागते. हंगाम नसताना नंबरचा इंडेक्स बिनकामाचा दिसला, म्हणून भाऊंनी तो लपवला होता. शेठजी दारात येऊन उभे.

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "अरे बाप्पा, हा तं कमावता निघाला! ये बाबा, ये." एक ओळ टाइप केली आणि पावती बाहेर. शेठजींनाही हसू आवरेना. "चहा सांगा बे, जावई आले!"

खोली राहिली, नोकरीही. भाऊंना पुन्हा बोलवायची गरजच पडली नाही. कामात चोख माणसाशी ओळख वाढायची राहून जाते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

भाऊ जायच्या दिवशी स्टँडकडे निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना हाक मारली. गाडी अजून काट्यावर होती. म्हटलं, पावती होईपर्यंत नीट आभार मानू. चपला घालून बाहेर येते, तो पावती घेऊन ट्रॅक्टर फाटकाबाहेर. ट्रॉलीत भाऊ उभे, डोक्यावर कापूस चिकटलेला, आणि माझ्याकडे पाहून ओरडत होते, "ताई, पाह्यलं ना? कमावता जावई थांबूच देत नाही!"