जुलेखाचाचींची मूठ

जुलेखाचाची आमचं दार कोपरानं वाजवायच्या. बोटांची पेरं सदा सुजलेली, ती कशाला लावायची सोय नव्हती. टकटक कडीच्या बरीच खालून यायची आणि आई आतूनच म्हणायची, "चाची आल्या गं, उघड!"

नेरळला आमची भिंतीला भिंत. एके काळी त्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या पार कळंबपर्यंत लग्नघरी जायच्या. संधिवातानं ते हात गेले, ऐट मात्र गेली नाही. कर्जतच्या इस्पितळात जायच्या दिवशी हात गरम पाण्यात शेकायचे, मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या, अत्तर लावायचं आणि मगच निघायचं. डॉक्टर "मूठ मिटा" म्हणाले की चाची दात आवळून मूठ मिटायच्या आणि वर हसायच्या. जणू परीक्षेत पास झाल्या!

त्याच इस्पितळात मी संगणकावर नोंदी करते. रोगी किती वेळा आला, आम्ही औषधं कोणती दिली, मूठ मिटते का. शहरातले मोठे डॉक्टर त्यावरून आजार सौम्य की तीव्र ते ठरवणार होते, आणि तीव्र असेल त्यालाच महागडं इंजेक्शन फुकट मिळणार होतं. चाचींची नोंद दर वेळी सौम्यच दिसायची. मेडिकलच्या गोळ्या आमच्या संगणकाला कुठून दिसणार? त्यात हात फारच दुखला की त्या घरीच राहायच्या, आणि जो येत नाही तो बरा, असा आमचा शहाणा हिशेब.

मी चिडले. "अहो चाची, आजार दाखवायला जाता की लपवायला?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची गं! परक्यापुढं रडनारी मी नाय."

"पुढच्या खेपेला गोळी न घेता या. माझी शपथ आहे."

"बरं बाय. तुज्यासाठी रडून दावते."

पुढच्या तपासणीच्या दिवशी मी इस्पितळात दाराकडे डोळे लावून बसले. चाची आल्याच नाहीत. मी लिहिलं, 'आल्या नाहीत'. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, तर त्या खाटेवरच होत्या. गोळीशिवाय त्यांना उठताच आलं नव्हतं. "तुजा शबुद मोडला गं," म्हणाल्या, आणि खरंच रडल्या.

आठवडाही गेला नाही. वर्षानुवर्षांच्या गोळ्यांनी पोट आतून पोखरलं होतं. रक्ताची उलटी झाली आणि चाची गेल्या. मागाहून शहरातून निकाल आला. सौम्य.

आता कुणाच्याही नावापुढे 'आले नाहीत' लिहायला गेले की कडीच्या खालून ती टकटक ऐकू येते. मी उठते आणि दार उघडून बघते.