बडबडीची साक्ष

विणकाम खात्यात तिला सगळे बडबडी म्हणत, आणि गंमत अशी की बावीस वर्षांत त्या खात्यात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ऐकणार कसा? एका छपराखाली चारशे माग खडाखडा चालायचे. तिथं तोफ डागली असती तरी शेजारणीला वाटलं असतं, कुठंतरी पट्टा तुटला! म्हणून बायका आवाज खर्चीच घालत नसत. ओठ मोठे करून हलवायचे, भुवया उडवायच्या, आणि समोरचीनं ते ओठांवरून वाचायचं. बडबडी त्यात पट्टीची. सहा माग पलीकडच्या बाईला ती नवऱ्याच्या घोरण्याची गोष्ट सांगे आणि ती बाई पोट धरून हसे. कान मात्र गिरणीनं खाल्ले होते. घरीसुद्धा ती लेकीचं बोलणं ओठांवरूनच टिपायची. आईची चहाडी करायची तर लेकीला पाठ फिरवावी लागे.

आता मुख्य गोष्ट धोट्याची. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्यात दोऱ्याची नवी कांडी भरली की दोऱ्याचं टोक बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागे, आणि ते काढायचं तोंडानं. भोकाला ओठ लावायचे नि सुर्रकन श्वास ओढायचा. दिवसातून तीनशे वेळा. दोऱ्याबरोबर कापसाची तूस, मागाचं तेल आणि आधीच्या बाईची थुंकी, सगळं घशात. धोटे कुणाच्या एकीच्या मालकीचे नसत, आज हिच्या मागावर तर उद्या तिच्या. बडबडीचे पुढचे चार दात त्यापायी गेले. "दात धोट्याला दिले," ती म्हणे, "जीभ मात्र कुणाच्या बापाला द्यायची नाही."

हे थांबावं म्हणून तीन वर्षं चळवळ चालली होती. हातानं दोरा ओवता येईल असे धोटे आणा आणि तसा कायदा करा, मागणी एवढीच. विणकर संघटनेनं सह्या गोळा केल्या. जिला सही येत नव्हती तिनं अंगठा उठवला. मोर्चे निघाले. बाजारातले टवाळ म्हणायचे, "आल्या बघा तोंडबंदीवाल्या!" शेवटी सरकारनं कंटाळून का होईना, चौकशी समिती नेमली.

बडबडी मोर्च्यात आपली सगळ्यांत मागं चालायची. पण त्या वर्षी शेजारच्या मागावरची तिची नणंद छाती धरून खोकू लागली आणि रुग्णालयात जाऊन पडली. तिचा माग रिकामा झाला. येत्या एक तारखेपासून तो मिळणार होता कुणाला? बडबडीच्याच लेकीला. माग तोच आणि धोटेही तेच. नोकरीला नाही म्हणावं तर घरात चूल पेटायची पंचाईत. बडबडी तशीच उठली आणि संघटनेच्या कचेरीत गेली.

"साक्षीला माझं नाव घाला."

चिटणीस खूश झाला. "बाई, तुमच्यासारखं बोलणारं दुसरं आहे कोण!"

साक्षीचा दिवस उजाडला. सभागृहात उंच चौथऱ्यावर अध्यक्ष आणि दोन सभासद, डावीकडं गिरणीचे मॅनेजर आणि त्यांचे वकील, मागच्या बाकांवर साठेक विणकर बाया. आधी मॅनेजरांनी साक्ष दिली. म्हणाले, "हातओवणीचा धोटा आमच्या मागांवर चालणारच नाही. आम्ही तर तो डोळ्यांनीसुद्धा पाहिलेला नाही."

मग बडबडी उठली. अध्यक्ष दहा पावलांवर. आणि दहा पावलांवरच्या माणसाशी बावीस वर्षं ती जशी बोलत आली तशीच बोलू लागली. नुसत्या ओठांनी! तीनशे वेळा ओढायचं सांगितलं, दातांचं सांगितलं, नणंदेचं सांगितलं. मागच्या बाया दातांपाशी हसल्या, नणंदेपाशी त्यांनी पदर डोळ्याला लावले. पुढं मात्र कारकुनाची लेखणी नुसती हवेत. अध्यक्ष शेजारच्याकडं वाकून म्हणाले, "बाई मुक्या आहेत का?"

वकील टुणकन उठले. "साक्षीदाराला काही सांगायचं नाही, अशी नोंद व्हावी!"

बडबडीनं अध्यक्षांचे ओठ वाचले. हाय रे देवा, आपण आवाज काढलाच नाही! लेकीचं वाटोळं केलंस की गं भवाने, असं स्वतःला म्हणत तिनं शरमेनं मान वळवली, ती नेमकी डावीकडं. वकील खाली बसत होते आणि मॅनेजर त्यांच्या कानाशी कुजबुजत होते. तोंडावर हात धरायचं त्यांना सुचलं नव्हतं.

आणि मग तिला आवाज सापडला. कान नसलेल्या माणसाला मोजमाप कुठलं? खिडक्यांची तावदानं थरारली, एका सभासदाची दौत कलंडली.

"सहा पेट्या आहेत! गोदामात!"

"कसल्या पेट्या?" अध्यक्ष दचकून म्हणाले.

"नव्या धोट्यांच्या! हे साहेब आत्ता म्हणाले. चाचणी घेतली, छान चालतात, पण जुने झिजेपर्यंत फेकायचे कशाला, असं म्हणाले!"

"अशक्य!" वकील कडाडले. "मी शेजारी बसून मला धड ऐकू आलं नाही, तर हिला—"

पुढचं त्यांनी गिळलं, पण सभागृहानं ऐकायचं ते ऐकलं होतं. मॅनेजर वकिलांकडं असे बघत होते की विचारू नका.

अध्यक्ष माणूस सरळ होता. उठून पार पलीकडच्या खिडकीपाशी गेला आणि आवाज न काढता ओठ हलवले. "सांगा बाई, काय म्हणालो?"

"साहेब म्हणतात, चहा गार झालाय. आणि या खुर्चीनं कंबर मोडली."

अध्यक्ष लाल झाले. "चहाचं मी मुद्दाम म्हणालो. कंबरेचं माझं मला म्हणालो होतो."

मग काय विचारता! अर्ध्या तासात दोन सभासद गोदामात जाऊन आले. पेट्या सहाच, एक उघडलेली, बाकीच्यांत धोट्यांवर घातलेलं गवत अजून कोरं. बडबडीनं साक्ष पहिल्यापासून पुन्हा दिली. "जरा हळू," कारकून विनवू लागला. ती म्हणाली, "हळू म्हणजे किती, तेच मला ऐकू येत नाही, बाबा."

कायदा व्हायला पुढं आठ महिने लागले. सरकारी गाडा तो. पण त्या गिरणीतल्या पेट्या समितीनं त्याच आठवड्यात उघडायला लावल्या.

एक तारखेला लेक मागावर उभी राहिली. पहिली कांडी संपली, माग थांबला, आणि शेजारी बडबडीचा श्वासही थांबला. पोरीनं नवा धोटा घेतला, कांडी भरली, बोटानं दोरा खाचेत सरकवला, ओढून घेतला. झालं. वेळ दुप्पट लागला. लागेना का! बडबडीच्या खांद्यावरून जणू पाण्याची हंडी उतरली.

इतक्यात तिची स्वतःची कांडी संपली. विचार लेकीचा चाललेला, हात आपल्या सवयीनं चाललेले. नवाच धोटा, पण तिनं तो उचलून थेट ओठांपाशी नेला. पलीकडून लेकीनं हात हलवला आणि नवशिक्यासारखा जबडा वासून, ओठ वेडेवाकडे करत म्हटलं, "आई! हातानं!"

खात्यात पोरीचं हे पहिलं बोलणं. उच्चार अगदीच कच्चा होता, पण सहा मागांवरच्या बायांना कळला आणि त्या इतक्या हसल्या की मुकादम बघायला आला.

रविवारी मायलेकी रुग्णालयात गेल्या. आत सोडत नव्हते, नणंदेची खाट बंद काचेपलीकडं. बाकीचे नातेवाईक काच ठोकत, ओरडत, खुणा करत होते. बडबडी आपली शांत उभी राहिली आणि सगळी साक्ष, वकिलासकट आणि कंबरेसकट, सांगून मोकळी झाली. नणंद उशीत तोंड खुपसून हसली. खोकला आला नाही. परिचारिका बुचकळ्यात पडली, ही आपली आपणच का हसते?

मग नणंदेनं लेकीकडं बघत ओठ हलवले. "हिनं तोंड लावलं का गं, वहिनी?"

"एकदाही नाही."

नणंदेनं डोळे मिटले आणि डोकं सावकाश उशीवर टेकलं. मग एक डोळा उघडून म्हणाली, "आणि तू?"

"मी आपली एकदाच," बडबडी म्हणाली, "तेवढ्यात पोरीनं पकडलं."