तीनदा उतरवायचं पान

ओडेल क्रचफिल्ड कुठेही जेवायला गेले तरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. सात वर्षं तुरुंगात गार्ड होते, दुसरं कसं बसणार? आमच्या गावात निम्मी माणसं तशीच बसतात. दुपारी कैद्यांच्या मोजणीचा भोंगा झाला की गाव घड्याळं लावतं.

क्रचफिल्ड मात्र ती नोकरी सोडून शिकले, डॉक्टरेट मिळवली आणि सव्वीस वर्षं इथल्याच सरकारी कॉलेजात फौजदारी न्याय शिकवत राहिले. तुरुंगातला आजचा एकूण एक अधिकारी त्यांच्या वर्गातून गेलेला. पहिल्या दिवशी ते एक छापील पान वाटत. स्वतः गार्ड असताना लिहिलेला, कैद्यावर बळ वापरल्याचा अहवाल. कैद्याचं नाव काळं केलेलं. प्रत्येकाने ते हाताने तीनदा उतरवायचं. "बाकी विसरलात तरी चालेल," म्हणायचे, "हे बोटांत बसलं पाहिजे."

बसलं. चांगलंच बसलं.

या एप्रिलमध्ये माझ्या मावसभावाचा, लाव्हेलचा, जबडा तुरुंगात गार्डांनी फोडला. पाच गार्डांनी लिहून दिलं की हल्ला त्यानेच केला. सुटायला चार महिने उरले होते, आता वर पाच वर्षं चढणार होती. गुरुवारी सुनावणी.

कॉलेज मी फक्त बाहेरून पाहिलंय, पण वाचता मला येतं. पाचही अहवाल स्वयंपाकाच्या टेबलावर पसरले. पाचांत एकच वाक्य, शब्दाला शब्द: 'कैद्याने डावा खांदा खाली टाकला आणि अधिकाऱ्याच्या छातीवर डोक्याने धडक दिली.' सरकारी वकिलाला विचारलं तर म्हणतो, पाच जणांनी एकच पाहिलं, मग एकच लिहिणार. शहाणाच!

अहवाल लिहायला गावाला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे मी गेले. सोमवारी, जेवणाच्या वेळी. क्रचफिल्ड खानावळीत तळलेला मासा खात होते. कागद वाचला आणि त्यांचे ओठ पांढरे पडले.

"कुठून आणलंस हे?"

"तुमच्याच पोरांनी लिहिलंय."

"हळू बोल. मागे बघू नकोस."

मी बघितलंच. लेफ्टनंट ड्वेन रस्क आमच्याकडे येत होता, तोंडभर हसत. पाचांतला पहिला अहवाल त्याचा.

"सर! मासा गार होतोय. काय बाई, आमच्या म्हाताऱ्याला जेवू तरी द्या. चष्मा घरी विसरतात आणि काहीबाही वाचत बसतात." त्याने क्रचफिल्डांच्या खांद्यावर हात ठेवला, काढलाच नाही. "सर, तुमच्या त्या पानावर लिहिलंय ते सगळं खरंच घडलं होतं ना? वर्गात आम्ही कधी विचारलंच नाही."

तो गेल्यावरही क्रचफिल्ड तो खांदा आखडूनच बसले होते.

"हे वाक्य माझ्या पानावरचं आहे," ते म्हणाले. "पण पान कोर्टात दाखवलं तर पुढचा प्रश्न येईल."

"येऊ दे की! लाव्हेलची पाच वर्षं जातायत. घाबरता कुणाला? पोरं तुमचीच ना?"

"म्हणूनच घाबरतो. काय काय शिकवलंय ते मला माहीत आहे."

मी तिथून तणतणत निघाले. भित्रा म्हातारा, म्हटलं.

बुधवारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. ते कॉलेजातून घरी आले तर अंगणातलं गवत कुणीतरी सुबक कापून ठेवलेलं. दाराला चिठ्ठी: 'सर, तब्येत सांभाळा.' मागचं दार, जे ते कुलूप लावून गेले होते, उघडं. घरातलं काहीही हललेलं नव्हतं.

"येणार का उद्या?" मी विचारलं. फोन बंद झाला.

गुरुवारी ते आले. तीन बाकं गणवेशांनी भरलेली. साक्षीच्या जागी बसले, पण तिथे पाठीला भिंत नव्हती. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मग खिशातून पान काढून कारकुनाला दिलं. 

सरकारी वकील गोड हसला. "म्हणजे विद्यार्थी नमुन्यावरून शिकले, एवढंच ना? नमुना तर खरा आहे, डॉक्टर?"

क्रचफिल्डांनी रस्ककडे पाहिलं. रस्कने होकारार्थी मान हलवली, वर्गात उत्तर येत असलेल्या विद्यार्थ्यासारखी.

"नाही," क्रचफिल्ड म्हणाले. "त्याचं नाव लेस्टर बून. त्याने खांदा टाकला नव्हता. हात वर केले होते. मी मारलं, आणि मारल्यावर हे वाक्य रचलं. असं काही कुणी पाहिलेलंच नाही, तेव्हाही नाही. यांच्याकडे ते माझ्याकडून आलं."

न्यायाधीशांनी पाचही अहवाल पुराव्यातून बाद केले आणि लाव्हेलवरचा आरोप रद्द केला. मी ओरडले, त्याबद्दल बोलणी खाल्ली. लाव्हेल ऑगस्टमध्ये घरी येईल.

बाहेर आलो तर क्रचफिल्डांच्या गाडीला पाचांतले बाकीचे चौघं टेकून उभे. रस्कने अदबीने दार उघडून धरलं होतं.

"या सर. आम्ही सोडतो घरी."

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. क्रचफिल्डांनी माझी बाही धरली. "तुझ्या ट्रकमध्ये जागा आहे?"

त्यांना मी दोन गावं पलीकडे, त्यांच्या बहिणीकडे सोडलं. पत्ता लिहीत नाही. गाडी अजून कोर्टाच्या आवारातच उभी आहे. कुणीतरी ती रोज धुतं.