मी आत पाहिलं नव्हतं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

मी भिवंडीत तत्त्वज्ञान शिकवतो. हसू नका. दरवर्षी पहिल्याच तासाला मी पोरांना दरडावतो — 'वाटतं' आणि 'माहीत आहे' यांत गल्लत करायची नाही! एखादी गोष्ट खरी निघाली, म्हणून ती तुम्हाला माहीत होती असं होत नाही. ती खरी मानायला तुमच्याकडे धड आधार हवा. नाहीतर तो निव्वळ लागलेला मटका. हे मी इतक्या ऐटीत सांगतो, की आता आठवलं तरी लाज वाटते.

आमच्या घराला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, एक छोटा कारखाना आहे. दुपारच्या वेळी तिथे गणपत एकटाच असतो. त्याची सवय सगळ्या गल्लीला ठाऊक — बाहेर पडायचं तर लूम बंद करूनच. खटखट चालू म्हणजे गणपत आत, थांबली म्हणजे बाहेर. आम्हाला वेगळं बघायला जावं लागत नसे.

एका दुपारी त्या कारखान्यातून धूर यायला लागला. मी धावलो. दारातला मेन स्विच पाडला — एवढं बरं सुचलं! — आणि धुराला घाबरून मागे फिरलो. आत पाऊल टाकलं नाही. साधी हाकसुद्धा मारली नाही.

तेवढ्यात गणपतची बायको सुगंधा त्याचा डबा घेऊन आली. धूर बघून डबा टाकला आणि दाराकडे झेपावली. मी तिचा हात धरला.

"सर, हे आत न्हाईत ना? तुमी बघितलं?"

मी कान दिला. खटखट नव्हती.

"आत कोणी नाही," मी म्हणालो. "मी स्वतः बघून आलोय."

ती थांबली. माझ्या शब्दावर थांबली हो ती!

आणि मग — कोपऱ्यावरून गणपत आला, हातात चहाची पिशवी. लोकांनी बादल्या मारून आग विझवली. सुताची दोन पोती गेली, बस्स. म्हणजे मी बोललो ते खरंच होतं, नाही का?

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळलो आणि खडू हातात तसाच राहिला. लूम मीच बंद केले होते, मेन स्विच पाडून. मी! धावत गेलो तेव्हा खटखट चालू होती. म्हणजे गणपत आत आहे असंच मला वाटायला हवं होतं — आणि मी स्वतःच पाडलेल्या शांततेला पुरावा मानलं? तेव्हा खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं? पोरांना वाटलं, सरांना बरं नाही.

रविवारी दोघं घरी आली, तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. गणपत हसत म्हणाला, "सर, जल्मात पैल्यांदा लूम चालू ठेवून चहाला गेलो. गेलो नसतो, तर आतच होतो मी."

"मंग काय झालं असतं?" सुगंधा म्हणाली. "सर गेले व्हते ना आत बघायला. त्यांनी काढलं असतं तुमाला भाईर."

मी म्हणालो, "हो."