गव्हाणीवरच्या मामांचा फंड

दुपारी बाराचा भोंगा झाला की पहाटेच्या पाळीची माणसं टाइम ऑफिसवरून घरी जायची. माझी खोली टाइम ऑफिसच्या शेजारी होती. खोलीत एक टेबल, दोन कपाटं आणि दाराबाहेर एक लाकडी बाक. दारावर पाटी होती: भविष्य निर्वाह निधी विभाग. विभाग म्हणजे मी एकटा.

प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मला ही नोकरी लागली तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पारनेरकडचा, कोरडवाहू गावातला. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर. नगरला वसतिगृहात राहून, सकाळी बागेला पाणी घालून आणि संध्याकाळी वाचनालयात बसून मी बी.कॉम. झालो. ज्यांनी फी भरली, ज्यांनी जुनी पुस्तकं दिली, त्यांची मला अजून आठवण येते आणि हात आपोआप जोडले जातात. पण पदवीने एक गोष्ट केली, ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. गावी गेलो की भाऊ औताला हात लावू देईना. "तू बस," म्हणायचा, आणि भावजय पाहुण्याला देतात तसा कपबशीतून चहा द्यायची. इकडे कारखान्यात अधिकारी एका टेबलावर जेवायचे, कामगार पारावर जेवायचे. मी डबा खोलीत उघडायचो. पोळी मोडताना कागदावर तुकडा पडायचा, तेवढाच काय तो आवाज.

एक माणूस मात्र रोज बाकावर येऊन बसायचा. गव्हाणीवरचे मामा. गव्हाण म्हणजे जिथे गाड्यांतला ऊस कारखान्याच्या पोटात टाकतात ती जागा. मामा तिथले मुकादम होते. अंगाला मळीचा वास, टोपीवर उसाच्या चोयट्या. पाळी संपली की घरी जायच्या आधी तंबाखू मळत बसायचे आणि दारातून विचारायचे, "काय भाऊसाहेब, माझा पैका बरा हाय ना?"

"बरा आहे, मामा."

"जेवला का?"

"कोण?"

"पैका."

आणि स्वतःच हसायचे. त्यांच्या फॉर्मवर जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहिलं होतं. माझ्याही दाखल्यावर एक जूनच. आमच्या भागात शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसायची, म्हणून गुरुजी एक जून टाकायचे. कारखान्यातली निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मली होती. मामा म्हणायचे, "आपुन जुळं हाय, भाऊसाहेब. तुमी जरा मागं ऱ्हायला एवढंच."

एकाहत्तरचं युद्ध संपून काही महिने झाले होते. त्याच सुमाराला कारखान्यात एक बातमी पसरली की सरकारने फंडाचे पैसे लढाईला लावले, आता ते परत येणार नाहीत. कुणी आणली ठाऊक नाही. बाजाराच्या दिवशी आली आणि दुसऱ्या दिवशी बॉयलरपासून गोदामापर्यंत पोचली.

त्या दुपारी मामा बाकावर बसले नाहीत. सरळ आत आले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"राजीनाम्याचा कागद द्या."

"का मामा? काय झालं?"

"नोकरी सोडली की फंड मिळतो. व्हय का न्हाई?"

ते खरं होतं. घर बांधायला फंडातून उचल मिळायची, शेतजमिनीला मिळायची नाही. सगळे पैसे हवे असतील तर नोकरीच सोडावी लागायची. मामांना जमीनच घ्यायची होती. त्यांची लेक सासरहून परत आली होती, पदरात एक मुलगी. वडिलोपार्जित जमीन पुतण्यांच्या हातात. मामा म्हणाले, "माझ्यामागं भावकी हिला दारात उभी करनार न्हाई. कालव्याची मोजनी झालीय त्या अंगाला एक पट्टी निघतीय इकायला. आज माळ हाय म्हणून स्वस्त हाय. तिच्या नावावर करतो. मग मेलो तरी चालंल."

"पण नोकरी जाईल. किती वर्षं हंगामी राहून तुम्ही कायम झालात."

"नोकरी जाईल, पन पैका हातात ऱ्हाईल. तुमीच सांगा, माझा पैका कुठं हाय? कुठल्या तिजोरीत? दावा."

मला उत्तर येत नव्हतं, हे सांगायला लाज वाटते. दर महिन्याला मी पगारातून कापलेल्या रकमेची आणि कारखान्याच्या वाट्याची यादी करायचो, चलन भरायचो, वर्षाला पावत्या वाटायचो. त्यापुढे पैसा कुठे जातो, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी मामांना म्हणालो, "आठ दिवस द्या. वार्षिक तक्ते घेऊन मला फंडाच्या मुंबईच्या कार्यालयात जायचंच आहे. मी विचारून येतो. मग कागद देतो."

मामांनी टोपी उचलली. "आठच."

मुंबईच्या त्या कार्यालयात फायलींच्या भिंती होत्या. दोन खिडक्यांवरून मला तिसरीकडे पाठवलं आणि तिसऱ्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक गृहस्थ भेटले. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"तुमच्या जिल्ह्यातून कागद येतात. विचारायला माणूस पहिल्यांदा आला. बसा."

त्यांनी मला नीट समजावलं. तुमच्या मामांचे पैसे असे वेगळे बांधून ठेवलेले नाहीत. देशभरातल्या कामगारांचे पैसे एका ठिकाणी येतात. त्यातून केंद्र सरकारचे कर्जरोखे घ्यायचे, राज्यांचे घ्यायचे, बचतीची प्रमाणपत्रं घ्यायची. कशात किती, ते सरकार ठरवून देतं. वर विश्वस्त मंडळ आहे, त्यात कामगारांची माणसंही असतात. शेअरबाजारात एक पैसा नाही.

"मग जास्त कमवायची संधी आली तर?" मी विचारलं.

"आम्हाला हुशारी दाखवायची परवानगीच नाही," ते हसले. "पैसे दुसऱ्याचे असले की हुशारी महाग पडते."

रोख्यांच्या मुदती वेगवेगळ्या असतात, हेही त्यांनी सांगितलं. काही लवकर फिटतात, काही फार उशिरा. त्यामुळे दर वर्षी काही ना काही हातात येतं, त्यातून निवृत्त होणाऱ्यांचं देणं भागतं, उरलेलं पुन्हा नव्या रोख्यांत जातं. जे व्याज मिळतं त्यावरून सभासदांचा त्या वर्षाचा दर ठरतो. आणि सरकार त्या कर्जाचं काय करतं? धरणं, वीज, रस्ते. लढाईसुद्धा त्यातच आली असेल, पण रोखा फेडायचा तो फेडायचाच.

मी वहीत सगळं लिहून घेतलं. उठताना ते सहज म्हणाले, "एक मात्र तुमच्या मामांना सांगा. रुपया परत मिळेल, त्यावर व्याज मिळेल. पण त्या रुपयाला तेव्हा काय येईल, ते आमच्या हातात नाही. भाव असेच चढत राहिले तर व्याज मागे पडेल."

हे मी वहीत लिहिलं नाही. लक्षात मात्र राहिलं.

परत आलो त्या दिवशी बाराच्या भोंग्याला बाकावर मामा होते आणि त्यांच्यामागे दहाबारा माणसं. बॉयलरवरच्या एकाने खिजवलं, "काय भाऊसाहेब, सापडला का आमचा पैका, का तुमीच चौपाटीवर भेळ खाल्ली त्याची?"

मी वही उघडून वाचायला लागलो. रोखे, मुदती, पुनर्गुंतवणूक. चेहरे कोरे होत चालले. तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा. म्हंजी आपली लागनीची नोंद हाय ही."

"कसली?"

"आपलं शेतकी खातं काय करतं? समद्यांना एकाच महिन्यात ऊस लावू देतं का? कुनाचा पावसाळी आडसाली, कुनाचा हिवाळी सुरू, कुनाचा बुडख्यातनं फुटलेला खोडवा. कुनी कवा लावला त्याची नोंद. का? समद्यांचा ऊस एकाच दिशी आला तर गव्हान तुंबंल. आन एकाच दिशी संपला तर गव्हान रिकामी. तसा ह्यांनी पैका लावलाय. थोडा ह्या सालाचा, थोडा पुढच्या, थोडा लई लांबचा. रोज थोडा थोडा येतोय आन ज्याची पाळी त्याला मिळतोय."

"आन समद्यांनी आजच मागितला तर?" बॉयलरवाला म्हणाला.

"तर तू कवळा ऊस तोडनार. त्याला साखर उतरती का?"

माणसं हसली. माझ्या वहीतली चार पानं जे करू शकली नाहीत ते त्या एका बोलण्याने झालं. लोक एकेक करून गेले, मामा राहिले. तंबाखू मळता मळता त्यांनी विचारलं, "पन भाऊसाहेब, एक सांगा. तोडलेला ऊस काट्यावर उशिरा आला की वाळतो. वजन घटतं. पैका तसा वाळत न्हाई ना?"

मुंबईच्या गृहस्थांनी सांगितलेलं वाक्य त्यांनी स्वतःच, न शिकता, माझ्यासमोर ठेवलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो मामा, वाळतो. ती पट्टी आज मिळते तेवढ्यात उद्या मिळेल असं नाही. मग तुम्ही ठरवा.

मी बाकाकडे पाहिलं. मामा गेले तर बारा वाजता त्यावर कोणी बसणार नव्हतं.

"नाही मामा," मी म्हणालो, "उलट व्याज चढतं."

"मग ऱ्हाऊ द्या कागद," ते म्हणाले.

मी स्वतःला समजावलं की मी त्यांची नोकरी वाचवली. ते खोटंही नव्हतं. कायम माणसाचा पगार सुरू राहिला, लेकीची मुलगी शाळेत जाऊ लागली. मामा रोज येत राहिले. संक्रांतीला त्यांच्या लेकीने माझ्यासाठी गुळाच्या पोळ्या पाठवल्या, त्या मी दोन दिवस पुरवून खाल्ल्या.

त्याच वर्षी पाऊस रुसला होता. दुष्काळी कामांवर माणसांच्या रांगा लागल्या. ज्वारी, तेल, कापड, कशालाही हात लावायची सोय राहिली नाही. आणि त्याच माळावर कालव्याचं काम जोरात सुरू झालं, कारण दुष्काळात तेच काम होतं. कालवा जसजसा पुढे सरकला तसतशी त्या पट्टीची किंमत चढली. कालव्याला राज्य सरकारचा पैसा लागत होता, आणि राज्य सरकारच्या रोख्यांत आमचा फंड होता. मामांचेच रुपये तिकडे माती उपसत असतील, असा विचार माझ्या मनात यायचा. मी तो कोणाला बोलून दाखवला नाही. बोलायला होतं कोण?

त्यानंतरच्या एक जूनला मामा निवृत्त झाले. मी त्यांचा दावा स्वतः घेऊन मुंबईला गेलो, चुका होऊ नयेत म्हणून एकेक अक्षर तपासलं. पैसे ठरल्याप्रमाणे आले, एक रुपया कमी नाही. कारखान्यात मला त्याबद्दल शाबासकी मिळाली. ज्या बातमीने सगळे घाबरले होते ती खोटी ठरली होती.

मामा पैसे घेऊन थेट त्या पट्टीकडे गेले होते. आठवड्याने दुपारी बाकावर आले. पाळी नव्हती, तरी बाराच्या भोंग्यालाच आले. अंगाला मळीचा वास नव्हता, त्यामुळे दुसराच माणूस वाटला.

"पाहून आलो," ते म्हणाले. "तेवढ्या पैक्यात आता बांध येतो, भाऊसाहेब. वावर न्हाई येत." आणि हसले. "वजन घटलं जरा."

मी समोरच्या फायलीची नाडी बांधायला लागलो.

"आता ते बँकंत ठेवतो लेकीच्या नावानं. तुमी कशाला तोंड पाडता? तुमाला तरी कुठं ठावं हुतं?"

मला वाटतं, त्यांनी शिवी दिली असती तर मी गप्प राहिलो असतो. त्यांनी मला माफ केलं, आणि ते माझ्या अडाणीपणाच्या नावावर. आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला मी. ते मला सहन झालं नाही.

"ठाऊक होतं, मामा," मी म्हणालो. "मुंबईला त्यांनी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं असतं तर मी बाकाकडे बोट दाखवणार होतो. त्यांनी विचारलं नाही.

"व्हय?" एवढंच म्हणाले. मग तंबाखू तशीच डबीत परत घातली, टोपी नीट केली, आणि गव्हाणीकडे एकदा बघून फाटकाबाहेर गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. निवृत्त माणूस कारखान्यात कशाला येईल, असं मी स्वतःला सांगतो. ते कारण खरं असेलही. त्या खोलीत मी पुढे बरीच वर्षं काढली. कोणी फंडाबद्दल विचारायला आलं की मी दोन्ही गोष्टी सांगायचो. पैसे सुरक्षित आहेत, आणि ते वाळतात. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि उभ्या उभ्याच निघून जायचे. बाराच्या भोंग्याला माझी नजर मात्र दाराबाहेर जायची, आणि मग मी डबा उघडायचो.