घर तिघांचं

वाराणसीच्या कचहरीत, म्हणजे कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली बसणाऱ्या त्या टायपिस्टचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात मी तिथे रेल्वेत नोकरीला होतो. ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी वस्तीतलं एक घर तीन वर्षं भाड्यानं घ्यायचं आणि नंतर हवं तर ठरलेल्या किमतीला विकत घ्यायचं, असं मी घरमालकांशी ठरवलं होतं. करार टाइप करायला आम्ही त्याच्याकडे गेलो.

गालात पान धरून तो भराभर टाइप करत होता. एवढ्यात मालक मला हळूच मराठीत म्हणाले, "घरावर बँकेचं कर्ज आहे, पण ते लिहायला नको."

त्याची बोटं थांबली. तोही चक्क मराठीत म्हणाला, "मग घर तुम्हा दोघांचं नाही, तिघांचं आहे. तिसऱ्याला पूछलंत का?"

मालक चिडले. "आम्ही दुसरीकडे जाऊ!"

"खुशाल जा. पण उद्या बँकेनं घर जप्त केलं, तर हे साहब भाडं भरूनही रस्त्यावर येतील."

मी मालकांना घेऊन बँकेत गेलो. भाडं थेट कर्जखात्यात भरायचं, या अटीवर लेखी परवानगी मिळाली. टायपिस्टनं ती दोनदा वाचली, मगच करार टाइप केला.

तीन वर्षांनी घर माझं झालं. मी पेढे घेऊन गेलो, तर त्याला मी आठवतच नव्हतो. अशी किती घरं त्यानं वाचवली असतील, कोण जाणे! पेढे मात्र त्यानं दोन उचलले.