दसऱ्यापुरती जीप

बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी मी गाडी उगाच फिरवून आणतो. आज बॉनेट उघडताच तेजाबाचा वास आला आणि इस्लामपूरजवळच्या आमच्या वस्तीवरची जीप आठवली. दसऱ्याला तिला हार घालायचो; वर्षभर ती उभीच.

एका वर्षी शेताचा बांध कोरल्यावरून तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, वडिलांच्या खांद्यात कोयता घातला. वडिलांना जीपमध्ये घालून माझ्या मोठ्या भावानं चावी फिरवली. नुसतं टक् झालं. वडिलांचं गरम रक्त माझ्या मांडीवर सांडत होतं. तेवढ्यात मागून धक्का बसला. तात्याच ढकलत होते.

"हात लावू नगंस!" भाऊ ओरडला.

"मला नंतर तोड, आदी गिअर टाक! दादा मरतोय रं माझा!"

वडील मिरजेच्या दवाखान्यात वाचले. ते वाचले म्हणूनच मी घरातला पहिला पदवीधर झालो. तात्यांचा राग आजही येतो, पण पूर्वीसारखा पुरत नाही.